अक्काच्या बंदुका आणि माझा हेवा

नानांचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत एका नवरदेवाच्या कोटाची कॉलर सरळ करत होतो. नाना म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. जळगावला त्यांचं बंदुकांचं परवानाधारक दुकान आहे, आणि फोनवर ते कधीच थेट मुद्द्यावर येत नाहीत. आधी धुळ्यात ऊन किती, मग केळीला भाव काय चाललाय, मग पोरांची ख्यालीखुशाली, आणि फोन ठेवता ठेवता कामाचं. त्या दिवशी त्यांनी ऊन विचारलं नाही, केळी काढली नाही. "बापू... अक्का गई रे," एवढंच म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडून दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. नवरदेव अजून छाती पुढे काढून, ओठांवर हसू धरून उभा होता. मी त्याला म्हटलं, उद्या ये बाबा, आज उजेड बरोबर नाही.

धुळ्याहून निघालो. बायको शेजारी रडत होती, एरंडोल मागे पडेपर्यंत माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. जळगावला पोचलो तर अक्काच्या घरासमोर गाड्या लावायला जागा नाही. दोंडाईच्याकडची जुनी, जमीनजुमलावाली माणसं आलेली, वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले लोक आलेले, पोलिस खात्यातले साहेब कोपऱ्यात टोपी काढून उभे, आणि फोटोग्राफर तर किती... नाशिकपासूनचे. आणि खोटं कशाला बोलू, ती गर्दी बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की एवढी माणसं माझ्या मयताला यायची नाहीत. रडू त्यानंतर आलं. आता काही आठवडे गेले, बहीण गेल्याचं दुःख जरा बसलं, पण हेवा काही खाली बसला नाही. तो तिच्याबरोबर जाईल असं मला वाटलं होतं.

माझी बहीण बंदुकांचे फोटो काढायची. हे वाक्य मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं असेल आणि प्रत्येक जण दुसरा प्रश्न तिच्याबद्दल विचारतो. मी जन्मभर फोटोग्राफर, माझे वडील फोटोग्राफर, आग्रा रोडवर आमचा स्टुडिओ, पण एकदा का बंदुकांचं नाव निघालं की मी त्या गप्पांतून बाहेर. लग्नाचे, साखरपुड्याचे, पासपोर्टचे फोटो काढणारा भाऊ कोणाला ऐकायचाय? "बाईमाणूस आणि बंदुका?" म्हणून लोक डोळे मोठे करतात. मी म्हणतो, हो, आणि ती बंदुकीला हातसुद्धा लावत नाही. ते खरंच होतं. परवाना नानांचा, त्यामुळे बंदुकीला हात नानांचा आणि उजेडाला हात अक्काचा. नाना बंदूक उघडून नळी रिकामी आहे हे दोनदा बघणार, अक्काला दाखवणार, मग ती आडवी ठेवणार. त्याशिवाय अक्का दिव्याचं बटण दाबायची नाही.

आमचे वडील, आबा, फार कमी बोलत. फोटो धुऊन दोरीवर वाळत घातले की ते खालून चालत जात, आणि एखाद्यापुढे थांबून म्हणत, "चांगला." बस. ज्याच्यापुढे थांबले नाहीत तो वाईट, असं समजायचं. अक्का आणि मी दोघंही लहानपणी त्या दोरीखाली उभे राहायचो, कारण एखादवेळी ते आम्हालाही एखादा फोटो काढू देत. माझ्या फोटोपुढे ते थांबायचे, नाही असं नाही. पण अक्का त्यांच्या मागून यायची आणि मला हळूच सांगायची, "कपाळ पांढरं पडलंय तुझं." माझं म्हणजे माझ्या फोटोतल्या माणसाचं. मी बघायचो तर पडलेलं असायचं. तिचं लग्न होऊन ती जळगावला गेली, स्टुडिओ माझ्याकडे आला, आबा थकले आणि गेले. मग 'चांगला' म्हणायचा हक्क आमच्या घरात आपोआप अक्काकडे गेला. मी काढलेले लग्नाचे अल्बम ती मांडीवर घेऊन पानन्‌पान बघायची आणि मिटून बाजूला ठेवायची. "जेवणा का तू?" विचारायची. मला तिच्या तोंडून तो एक शब्द हवा होता. माझ्या एका तरी फोटोला. यापेक्षा जास्त काही मी तिच्याकडे कधी मागितलं नाही, आणि हेही तोंडानं मागितलं नाही. मागून मिळालेल्याची काय किंमत?

तिनं कॅमेरा हातात घेतला तो माझ्यामुळे. लोकांना हे सांगताना ती हसायची, मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. झालं असं की नानांच्या वडिलांना दुकानाचा रंगीत कॅटलॉग छापायची हौस आली. सुनेचा भाऊ फोटोग्राफर, मग दुसऱ्याला कशाला बोलवा, म्हणून मला निरोप. बंदुका वर्षभर कुलपात असतात, सगळ्या एकत्र बाहेर येतात त्या खंडेनवमीला, पूजेला. म्हणून तोच दिवस ठरला. मी डिजिटल कॅमेरा नवाच घेतला होता, त्याच्या डोक्यावर मोठा फ्लॅश, अंगात तोरा. दुकानात पांढऱ्या चादरीवर दुनळ्या, एकनळ्या, छऱ्याच्या बंदुका ओळीनं मांडलेल्या, झेंडूची फुलं, आणि प्रत्येक नळीवर, प्रत्येक घोड्यावर हळदीकुंकवाची बोटं. मी फुलं बाजूला केली आणि कुंकू पुसायला फडकं उचललं तर अक्काच्या सासूबाई ओरडल्या. पूजेचं कुंकू हातानं पुसायचं नाही, ते आपोआप जायचं, हा त्यांच्या घरचा नियम. मी म्हटलं, राहू द्या, शोभा येईल. आणि फाडफाड फ्लॅश मारून दुपारपर्यंत मोकळा झालो. पुरणपोळी खाऊन धुळ्याला परत.

कॅटलॉग छापून आला, गावोगाव वाटला गेला. फ्लॅशनं नळ्यांच्या मधोमध पांढरा पट्टा उठला होता, पोलादाचा निळसर काळा रंग जाऊन चिखल झाला होता, आणि कुंकवाची बोटं... ती छापताना तपकिरी झाली. चोपड्याकडचा एक शेतकरी, रानडुकरांसाठी परवाना काढलेला, कॅटलॉग घडी करून खिशात घालून दुकानात आला आणि भर गिऱ्हाइकात म्हणाला, "शेठ, आमले नवी बंदूक जोयजे. हाई गंजेल नको." मग दुसरा आला, तिसरा आला. सगळ्या खानदेशात बोभाटा झाला की यांच्याकडे गंजलेला माल आहे. नानांचे वडील मोठ्या मनाचे, ते हसले. पण पुढची कितीतरी वर्षं त्या घरात कुठं लोखंडावर डाग दिसला की म्हणायचे, "धुयाना पाव्हना ई ग्या वाटस." धुळ्याचा पाहुणा येऊन गेलेला दिसतो! आता मला सांगा, कुंकू मी लावलं होतं का? मी तर पुसायला निघालो होतो. पण पूजा कोणाची, नियम कोणाचा, हे कोण बघतो? नाव माझं गेलं.

अक्का मला फोन करून काहीच बोलली नाही. तिनं माहेरून मिळालेल्या पाटल्यांपैकी... नको, तो हिशेब नको, तिनं कॅमेरा विकत घेतला एवढंच सांगतो. माझ्यापेक्षा साधा, फ्लॅश वेगळा न लावता येणारा. मला हे नानांकडून कळलं आणि मी बायकोला म्हटलं, घे, आता जळगावात नवा फोटोग्राफर उगवला. दोन-चार महिन्यांत कंटाळेल. चाळिशीच्या बाईला, घर, सासूसासरे, दोन मुलं सांभाळून हे जमतंय होय? मला वाटायचं ती माझी चूक जगाला दाखवायला बसली आहे. आणि तिची मुलं शाळेत, नाना दुकानात, अशा दुपारच्या वेळी ती मागच्या खोलीत नानांनी काढून ठेवलेली एक जुनी दुनळी नुसती बघत बसायची म्हणे. फोटो काढायची नाही. बघायची.

काही महिन्यांनी उन्हाळ्यात जळगावला गेलो तर ती खोली पाहून मी चक्रावलो. खिडक्यांना काळा कागद, छत काळं रंगवलेलं. मी म्हटलं, अक्का, घरात सुतक आहे का? ती म्हणाली, "नळीत पंखा दिसतो रे." घासलेलं पोलाद आरशासारखं, त्यात खोलीतलं सगळं दिसतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण मी त्याचा कधी विचार केला नव्हता. तिनं केला होता. पंख्याची पाती नळीत दिसतात म्हणून छत काळं. नानांचं पांढरं बनियन दिसतं म्हणून नाना काळ्या सदऱ्यात. पंख्याच्या वाऱ्यानं कापड हालतं म्हणून पंखा बंद. जळगावचा वैशाख, आणि हे दोघं नवरा-बायको काळे कपडे घालून बंद खोलीत घामाघूम, आणि मधे एक बंदूक गादीवर लोडाला टेकल्यासारखी ऐटीत. सासऱ्यांचं जुनं धोतर तिनं मच्छरदाणीच्या दांड्यांना ताणून बांधलं होतं आणि त्याच्या पलीकडे दिवा. "दिवा बंदुकीवर मारायचा नाही," ती म्हणाली. "धोतरावर मारायचा. बंदुकीला धोतर दिसू दे." मग तिनं एक काळ्या पुठ्ठ्याची पट्टी नळीच्या वरच्या बाजूला, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी धरली, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळून गेलेली नळी एकदम काठ घेऊन उभी राहिली. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आबांच्या स्टुडिओत मी बसतो, ती नाही.

तिच्या एकेक युक्त्या मी चोरून लक्षात ठेवायचो, म्हणून आज सांगता येतात. नक्षीकाम असेल तर दिवा जवळजवळ टेबलाला टेकवून बाजूनं सोडायचा, म्हणजे प्रत्येक रेघेला आपापली सावली मिळते. समोरून मारला तर नक्षी सपाट होते. दस्त्याच्या अक्रोडी लाकडाला उजेड जास्त लागतो, पोलादाला कमी, म्हणून कॅमेरा जराही न हालवता फोटो दोन काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकात एक बसवायचे. खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड एकत्र येऊ द्यायचा नाही, नाहीतर नळी एका बाजूनं निळी आणि एका बाजूनं कावीळ झालेली. सगळे दिवे एकाच जातीचे. आधी कॅमेऱ्याला पांढरा कागद दाखवायचा, पांढरं कशाला म्हणायचं ते त्याला कळलं की मग बंदूक. नानांच्या हातात सुती हातमोजे, कारण बोटाचा ठसा डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. आणि बटण हातानं दाबायचं नाही, टायमर लावून श्वास रोखून उभं राहायचं. खोलीत कोणी चाललं तरी फरशी हालते, असं तिचं म्हणणं. एकदा मी शिंकलो तर तिनं मला बाहेर काढलं, मानाच्या पाहुण्याला, भाऊबीजेच्या दिवशी.

तिचं नाव होत गेलं. जुन्या घराण्यांमधून तिला बोलावणी यायला लागली. आजोबांची ठासणीची बंदूक, पणजोबांची चांदीच्या तारकामाची, परवान्यावर जपलेली, आणि त्यांना तिचे फोटो हवेत. नाना गाडी चालवणार, अक्का मागच्या सीटवर धोतर आणि दांड्या घेऊन. एकदा पोलिसांनी तिला बोलावलं. राज्याच्या सीमेपलीकडून आलेले गावठी कट्टे पकडले होते, वर्तमानपत्राला फोटो द्यायचा होता, आणि त्यांचे नेहमीचे फोटो म्हणजे टेबलावर ओतलेलं भंगार दिसायचं. अक्कानं तो ओबडधोबड कट्टा एका हवालदाराला धोतरासमोर ठेवायला लावला, बाजूनं उजेड सोडला, आणि फोटो असा काही काढला की साहेब बघतच राहिले. म्हणाले, "ताई, हा छापला तर लोक विकत घ्यायला येतील हो." त्यांनी शेवटी मोबाईलवर काढलेला वाईट फोटोच दिला. ही गोष्ट अक्का सांगायची तेव्हा सगळे पोट धरून हसायचे. मी पण हसायचो, आणि मनात म्हणायचो, धुळ्याच्या पोलिसांना माझं नाव का नाही सुचलं?

जळगावच्या फोटोग्राफर मंडळींनी एकदा तिचं व्याख्यान ठेवलं. शस्त्रांचे फोटो आणि उजेड, असा काहीतरी विषय. मला बोलावणं नव्हतं, मी गेलो. मागच्या रांगेत बसलो. नऊवारीतली नव्हे, साध्या सुती साडीतली माझी बहीण माईक तोंडापासून लांब धरून बोलत होती आणि दाढीवाले, जॅकेटवाले पोरगे मोबाईलवर रेकॉर्ड करत होते. कोणीतरी विचारलं, तुम्ही कोणाकडे शिकलात? अक्का म्हणाली, "माझ्या भावाकडे. काय करायचं नाही ते सगळं त्यानं शिकवलं." सभागृह हसून लोळलं. तिनं मला पाहिलं नव्हतं, की पाहिलं होतं, मला अजून माहीत नाही. मी चहा न घेता निघालो आणि पारोळ्यापर्यंत गाडीत तिच्याशी भांडत होतो, म्हणजे एकटाच. अरे, काय करायचं नाही ते शिकवणारा पण एक मास्तरच असतो ना? धुळ्यात शिरलो तेव्हा लक्षात आलं, मी तिच्या व्याख्यानातला शब्दन्‌शब्द पाठ करून आणलाय.

मग मी पण प्रयत्न केला. घरात धोतर नव्हतं, नवी पांढरी चादर आणली. स्टीलची भांडी, ताटं, पाण्याचा लोटा, असं लोखंडी-पितळी जे हाताला लागेल त्याचे फोटो काढले. लोट्यात मी दिसायचो. काळा शर्ट घातला तर काळा मी दिसायचो. बायको म्हणाली, बंदुकीची हौस लोट्यावर का फेडताय? भांड्यांच्या एका दुकानदारानं त्यातले काही फोटो घेतले सुद्धा, बरे आलेत म्हणाला. पण अक्काला दाखवायची माझी छाती झाली नाही. ती बघेल, मिटेल, आणि जेवलास का विचारेल.

शेवटची भेट जळगावच्या दवाखान्यात. किडन्या गेल्या होत्या, अंगावर सूज, पण जीभ शाबूत. मी पलंगाजवळ बसलो तर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सरक तिकडे. वरून ट्यूब पडते तुझ्यावर, डोळ्यांखाली खड्डे दिसतात." मी सरकलो. "आता?" विचारलं. "आता बरा दिसतोस," म्हणाली. बरा. चांगला नाही. मी मनातल्या मनात चरफडलो, आणि तिचे पाय दाबत बसलो. तिचे पाय गार होते. माणूस मरणाच्या दारात आहे आणि हा शब्दांवरून चरफडतोय, असं तुम्ही म्हणाल, म्हणा. सख्ख्या भावंडांचं असंच असतं. नाना दाराशी उभे होते.

दिवसकार्य झालं, आम्ही धुळ्याला परतलो. मग गेल्या पंधरवड्यात नानांचा पुन्हा फोन. ऊन, केळी, पोरं, आणि शेवटी काम. परवान्याच्या कागदांना नवा फोटो लागणार होता. मी म्हटलं, येऊन जा, नेहमीप्रमाणे. कारण नानांचे परवान्याचे फोटो नेहमी माझ्याकडेच निघत. दर वेळी नूतनीकरण आलं की ते धुळ्याला यायचे, आमच्याकडे जेवायचे, स्टूलावर बसायचे, मी फोटो काढायचो. सासुरवाडीचा मान म्हणून येतात असं आम्ही समजायचो. मी त्यांच्याकडून गप्पा मारता मारता अक्काची खबर काढायचो, ती दिवा किती लांब ठेवते, मधे आणखी काही कापड लावते का, आणि नाना म्हणायचे, माले काय समजस त्यामधलं? या वेळी ते म्हणाले, "गाडीत बसवत नाही रे आता. तूच ये."

मी कॅमेरा घेऊन गेलो. नानांनी मला थेट अक्काच्या खोलीत नेलं. काळं छत, काळ्या खिडक्या, भिंतीशी टेकवलेल्या दांड्या. टेबलावर तिचं भिंग होतं, बारीक नक्षी तपासायचं, जाड काचेचं, दांडीवर बसवलेलं. मी म्हटलं, नाना, इथं नको, बाहेर ओसरीत छान उजेड आहे. ते ऐकेनात, बंदूक ठेवायच्या टेबलामागे खुर्ची ओढून बसले. मी विचारलं, एवढी चांगली फोटोग्राफर घरात असताना तुम्ही एका पासपोर्ट फोटोसाठी धुळ्यापर्यंत का येत होता, हे मला कधी कळलं नाही. नाना हसले. "तुनी अक्का फोटू काढे तं मी चोर दिखू."

मला वाटलं गंमत करतायत. ते म्हणाले, खरंच. तिला माणसं जमायची नाहीत. माझा फोटो जमला नाही, मुलांचा जमला नाही, नातीची तर रडारड. मान सरळ, हालू नका, श्वास धरा... दिव्यांत काही उणं नसायचं, पण फोटोत माणूस मेलेला. एकदा म्हणाली, बंदूक कशी, ठेवली तशी राहते. फार प्रयत्न केले तिनं, बापू. आम्हाला बसवून बसवून कंटाळा आणला. मग डोळे पुसत म्हणाले, "जये ती तुनावर."

जळायची? अक्का? माझ्यावर? मी कॅमेरा खाली ठेवला.

"मी धुळ्याहून आलो की माझा फोटो काढून घ्यायची हातातून," नाना सांगायला लागले. "पासपोर्टचे छोटे फोटो कागदांना लागायचे, पण तुझ्याकडून मी दर वेळी एक मोठी कॉपी आणायचो, आठवतं? तिच्यासाठी. या भिंगाखाली धरून बसायची. दिवा कुठं होता ते माझ्या डोळ्यांतल्या ठिपक्यावरून शोधायची. शोधून काढायची, तसाच लावायची, मला बसवायची, आणि पुन्हा चोर. मग मला विचारायची, काय बोलस तो तुमनासंगे? कसाले इतला हासतस तुम्ही तठे? मी म्हणायचो, काही नाही बोलत, केळीचा भाव विचारतो. तिला खरं वाटायचं नाही. तिला वाटायचं तुझी काहीतरी युक्ती आहे आणि मी तुला फितूर आहे."

मी विचारलं, मग तिनं मला का नाही विचारलं? आणि नानांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी तरी तिला दिव्याबद्दल तोंडानं कधी विचारलं होतं? "तू तिचं मला विचारायचास, ती तुझं मला विचारायची," नाना म्हणाले. "सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी मला विचारायचंच बंद केलं असतं."

खरं सांगतो, त्या क्षणी मला दुःख झालं नाही, आनंद झाला. निखळ, उघडानागडा आनंद. आख्खं जळगाव जिच्या पाया पडायला आलं ती माझी बहीण माझ्या पासपोर्ट फोटोवर भिंग लावून जळत बसायची! मला हे उभ्या धुळ्याला ओरडून सांगावंसं वाटलं. आणि लगेच दुसरं लक्षात आलं की हे जिला सांगून चिडवायचं ती नाही. मग मी त्या काळ्या खोलीत खाली बसलो आणि जो रडलो... मयताच्या दिवशी राहिलेलं सगळं तेव्हा निघालं. नानांनी मला पाणी आणून दिलं.

नंतर फोटो काढला. अक्काचेच दिवे लावले, तिचंच धोतर ताणलं. पण बोलायला काही सुचेना. केळीचा भाव विचारावासा वाटला नाही. नाना समोर ताठ बसलेले, अगदी चोर. मग त्यांनीच, मान जराही न हालवता, अक्काचा आवाज काढून मला दटावलं, "श्वास धर, बापू. फरशी हालस." आणि स्वतःच हसले. डोळे भरलेले होते आणि हसले. मी बटण दाबलं, हातानंच.

कागदाला लागणारे छोटे फोटो मी धुळ्याहून पाठवून दिले. नाना म्हणाले होते, मोठी कॉपी पण काढ. मी कोणासाठी म्हणून विचारलं नाही, आणि ती मी पोस्टानं पाठवली नाही, स्वतः घेऊन गेलो. अक्काच्या टेबलावर भिंगाखाली ठेवली आणि तिच्या खुर्चीत बसून बघितली. दिव्याचा ठिपका नानांच्या डाव्या डोळ्यात आहे, जरा वर, तिनं ठेवला असता तिथंच. काठ बरोबर आलाय, कपाळ पांढरं पडलेलं नाही, आणि माणूस जिवंत आहे. ती कॉपी तिथंच ठेवून आलो, नाना म्हणतात ते भिंग हालवत नाहीत. चांगला झालाय फोटो. पण हे मी म्हणून काय उपयोग?